मोठ्या खुर्चीतला लहान माणूस

एका जेवणाची किंमत १,८०० पौंड! जॉर्ज ग्रॉसमिथ या इंग्रज नटाने आपल्या आठवणींच्या पुस्तकात हा हिशेब मांडून ठेवला आहे. १८७७ साली रिचर्ड डॉयली कार्ट नावाचा लंडनचा नाटक कंपनीवाला त्याला आपल्या नव्या विनोदी संगीतिकेत घ्यायला निघाला होता. बाकी सगळे ठरले आणि घोडे पगारावर अडले. घासाघीस होती आठवड्याला तीन गिनींची. कार्ट हाडाचा व्यवहारी माणूस. त्याने ग्रॉसमिथला जेवायला नेले, कालवे खाऊ घातली, वर उंची जर्मन वाइन पाजली. जेवण आटोपेपर्यंत ग्रॉसमिथने तीन गिनींचा हट्ट सोडलेला होता. पुढे १८८८ मध्ये पुस्तक लिहिताना त्याने आकडेमोड केली, तेव्हा ते जेवण त्याला तोवर सुमारे १,८०० पौंडांना पडले होते.

माझे आयुष्य बँकेत गेले. असा आकडा दिसला की पडताळून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. तीन गिनी म्हणजे तीन पौंड तीन शिलिंग. वर्षाचे ५२ आठवडे धरले तर १६३ पौंड १६ शिलिंग. अकरा वर्षांचे १,८०१ पौंड १६ शिलिंग. हिशेब चोख आहे! व्याज त्यात धरलेले नाही, आणि तसे तो प्रामाणिकपणे सांगतोही. तीन टक्क्यांनी चक्रवाढ लावली तर रक्कम २,०९८ पौंडांच्या घरात जाते. प्रेक्षकांना हसवता हसवता मनातल्या मनात आठवड्याच्या तीन गिनी जमेला धरणारा हा माणूस मला तेव्हापासून जवळचा वाटत आला आहे.

ग्रॉसमिथचे नाव आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते एका पुस्तकामुळे. त्याकडे पुढे येतोच. त्याच्या हयातीत मात्र लंडनमध्ये तो ओळखला जाई तो गिल्बर्ट आणि सलिव्हन या जोडीच्या संगीतिकांमधला नट म्हणून. शब्द गिल्बर्टचे, संगीत आर्थर सलिव्हनचे आणि पैसा कार्टचा. या तिघांनी मिळून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत इंग्रजी रंगभूमीला एक नवीच चीज दिली. धड ऑपेरा नाही, धड नाटकही नाही. मध्येच बोलणे, मध्येच गाणे, आणि सगळीकडून सरकार, न्यायालय, आरमार, सरदार-उमराव यांची हसतहसत केलेली टिंगल. ग्रॉसमिथने त्यांच्या लागोपाठ नऊ संगीतिकांत प्रमुख विनोदी भूमिका पहिल्यांदा रंगवल्या.

त्याचा जन्म लंडनचा, ९ डिसेंबर १८४७ चा. वडिलांचे नावही जॉर्जच. ते 'टाइम्स'साठी बो स्ट्रीटच्या पोलीस कोर्टातल्या बातम्या लिहीत आणि उरलेल्या वेळात गावोगाव विनोदी व्याख्याने देत फिरत. वडील दौऱ्यावर गेले की कोर्टात मुलगा बसे. पाकीटमार, दारुडे, भांडखोर शेजारी, त्यांना झापणारा मॅजिस्ट्रेट आणि मॅजिस्ट्रेटपुढे वाकणारे पोलीस, हे सगळे तो अनेक वर्षे वहीत टिपत होता. नाट्यशिक्षणाची याहून चांगली शाळा शोधून सापडली नसती. १८७० पासून तो एकट्याने कार्यक्रम करू लागला. रंगमंचावर एक पियानो, एक खुर्ची आणि हा किरकोळ देहाचा माणूस. तो वाजवायचा, गायचा, नकला करायचा, लोकांच्या लकबी दाखवायचा. पेटीवर बोटे फिरवत, बोलत बोलत अख्खे सभागृह ताब्यात घेणारे पु. ल. ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या प्रकाराची कल्पना सहज येईल.

आणि अशा माणसाला १८७७ च्या शरदात सलिव्हनचे बोलावणे आले. नवी संगीतिका होती 'द सॉर्सरर', म्हणजे जादूगार. सलिव्हनने पियानोवर एक सूर दिला आणि तो जमेल तितक्या मोठ्याने लावायला सांगितला. ग्रॉसमिथने लावला. मग सलिव्हनने जादूगाराचे गाणे स्वतः म्हणून दाखवले आणि विचारले, हे जमेल? हे जमेल असे याला वाटले. तरी मनात धाकधूक होतीच. तो गिल्बर्टला म्हणाला की या भूमिकेला एखादा भारदस्त आवाजाचा भारदस्त पुरुष हवा असेल. त्यावर गिल्बर्टचे उत्तर असे की नेमका तसाच माणूस आम्हाला नको आहे.

हे उत्तर मला फार महत्त्वाचे वाटते. त्याच सुमारास आपल्याकडे काय चालले होते ते आठवून पाहा. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगमंचावर आले. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले, भाऊराव कोल्हटकर आले, आणि मराठी प्रेक्षक गळ्यावर जो लुब्ध झाला तो पुढची पन्नास वर्षे त्या नशेतून बाहेर आला नाही. नाटक थांबले तरी चालेल, पण पद पुन्हा झाले पाहिजे! त्या गळ्यांचे वैभव मी नाकारत नाही, माझे कानही त्यावरच पोसले आहेत. पण त्या थाटात विनोदी नटाच्या वाट्याला दोन पदांच्या मधली जागा आली. गायक दम खातो तोवर त्याने हसवायचे. गिल्बर्टने ही मांडणी पार उलटी केली. प्रेमिकांची गोड गाणी टेनर आणि सोप्रानो यांना देऊन टाकली, आणि नाटकाचा कणा दिला या बारीक आवाजाच्या, काटकुळ्या माणसाला.

कार्टच्या भागीदारांना हे पटले नव्हते. काही झाले तरी ग्रॉसमिथला घेऊ नका, अशी तार त्यांनी केली होती म्हणतात. इकडे ग्रॉसमिथची चिंता वेगळीच होती. त्याचे पियानोचे कार्यक्रम ठिकठिकाणच्या ख्रिस्ती तरुण संघांत होत. एकदा थिएटरची पायरी चढलो की ही सोज्वळ मंडळी पुन्हा बोलावणार नाहीत, अशी त्याला भीती. नाटकात गेलेला मुलगा वाया गेला, हे पुण्या-सांगलीतच म्हणत असत असे नव्हे.

१७ नोव्हेंबर १८७७ ला 'सॉर्सरर' लागले आणि चिंता मिटली. त्यातला जॉन वेलिंग्टन वेल्स हा जादूगार दाढी-झग्यातला नाही. तो लांब कोट घातलेला, रीतसर दुकान मांडून बसलेला व्यापारी आहे. मंत्र-तंत्र, शाप-उःशाप योग्य दरात मिळतील, अशा थाटात तो गिऱ्हाइकाशी बोलतो. त्याच्या तोंडी गिल्बर्टने जे गाणे घातले त्या प्रकाराला इंग्रजीत 'पॅटर साँग' म्हणतात. त्यात ताना नाहीत, आलाप नाहीत. एका सुराला एक अक्षर, आणि अक्षरे आगगाडीच्या डब्यांसारखी धडधडत येणार. श्वास कुठे घ्यायचा हे आधी ठरवलेले नसेल तर गाडी रुळावरून घसरलीच. कीर्तनकाराच्या तोंडून ज्यांनी अमृतरायांचा कटाव ऐकला आहे त्यांना ही कसरत कळेल. फरक इतकाच की कटावात शब्दांच्या नादावर माणूस डोलतो, आणि इथे प्रत्येक शब्दाचा अर्थ शेवटच्या रांगेतल्या बाईपर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर विनोद फुकट. कोर्टात साक्षीदारांचे बोलणे टिपून घेणाऱ्या माणसाला शब्दाची किंमत बरोबर ठाऊक होती.

आता त्याने केलेल्या माणसांकडे जरा ओळीने पाहू. १८७८ च्या 'पिनाफोर'मध्ये तो सर जोसेफ पोर्टर झाला. वकिलाच्या कचेरीत झाडलोट करणारा, दाराची पितळी मूठ घासून चकचकीत करणारा पोरगा चढत चढत सगळ्या ब्रिटिश आरमाराचा मुख्य होतो, आणि त्याच्या यशाचे रहस्य असे की तो कधी समुद्रावर गेलाच नाही! १८७७ मध्येच पंतप्रधानांनी डब्ल्यू. एच. स्मिथ या पुस्तकविक्रेत्या गृहस्थांना आरमारमंत्री नेमले होते, त्यामुळे प्रेक्षकांना खूण पटायला वेळ लागला नाही. 'पायरेट्स'मध्ये तो मेजर जनरल झाला. त्याला जगातले सगळे ज्ञान आहे, फक्त अलीकडचे युद्धशास्त्र तेवढे येत नाही. १८८२ च्या 'आयोलँथी'मध्ये तो लॉर्ड चान्सेलर, म्हणजे इंग्लंडचा सर्वोच्च न्यायाधिकारी. याच्या ताब्यात न्यायालयाने पालकत्व घेतलेली एक तरुण मुलगी आहे आणि लग्न यालाच तिच्याशी करायचे आहे. म्हणजे परवानगीचा अर्ज करणारा हाच आणि तो विचारात घेणाराही हाच. आणि १८८५ च्या 'मिकाडो'मधला को-को तर कळसच. हा एक शिंपी. छचोरपणाबद्दल याला मृत्युदंड झाला आहे. गावकरी त्यालाच मुख्य जल्लाद नेमतात. हिशेब असा की स्वतःचे डोके उडवल्याशिवाय त्याला दुसऱ्या कुणाचे उडवता येणार नाही, आणि त्यामुळे गाव सुरक्षित!

कारकुनी ज्याने केली आहे त्याला या युक्तिवादातले सौंदर्य अधिक कळते. नियम पाळूनच नियम निकालात काढायचा, ही कला मी अनेक हेडक्लार्कांकडे पाहिली आहे.

या सगळ्या माणसांत एक गोष्ट सारखी आहे. खुर्ची मोठी आणि माणूस लहान. खुर्चीवर तो चढून बसला आहे, पण पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि हे त्याच्या स्वतःच्याही लक्षात आलेले आहे. ग्रॉसमिथची मेख इथे होती. भारदस्त नटाने लॉर्ड चान्सेलर केला असता तर ती भारदस्तपणाची नुसती नक्कल झाली असती. ग्रॉसमिथ ठेंगणा, चपळ, चेहरा सदा गंभीर. त्याचा चान्सेलर आपल्या झग्याला आणि टोपाला आत कुठेतरी घाबरत असणार, असे वाटते. बँकेत नव्याने शाखाधिकारी झालेला माणूस पहिल्या दिवशी त्या फिरत्या खुर्चीत कसा बसतो ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मी काय म्हणतो ते उमजेल. दाराबाहेर पाटी त्याच्या नावाची असते, पण शिपाई चहा आणतो तो खुर्चीसाठी.

ही भीती सगळी नाटकी होती असे नाही. ग्रॉसमिथ जबर घाबरट होता. पहिल्या रात्रींचा त्याला धसका असे. 'मिकाडो'च्या पहिल्या प्रयोगाला, १४ मार्च १८८५ रोजी, तो इतका गांगरला की सगळे छान झाले पण ग्रॉसमिथमुळे खेळ कोसळायचा राहिला, अशा अर्थाची नोंद सलिव्हनने रोजनिशीत केली. त्या संगीतिकेचे पुढे सलग ६७२ प्रयोग झाले. (तिच्यातल्या जपानी सोंगांवर आता आक्षेप घेतले जातात, आणि ते सगळेच फेटाळण्यासारखे नाहीत. १८८५ मध्ये मात्र ती टिंगल इंग्लंडचीच होती, किमोनो वरून चढवलेले.) 'रडिगोर' चालू असताना, १८८७ च्या आरंभी, तो आजारी पडला आणि हेन्री लिटन नावाच्या बदली नटाला पुढे ढकलण्यात आले. हाच लिटन नंतर याच भूमिकांवर नाव कमावून बसला.

मग आले १८८८ साल. या सालाबद्दल थोडे सावकाश बोलायला हवे.

मे महिन्यात 'पंच' या विनोदी साप्ताहिकात एक लेखमाला सुरू झाली, 'डायरी ऑफ अ नोबडी'. कुणीच नसलेल्या एका माणसाची रोजनिशी. लेखक दोन, जॉर्ज आणि त्याचा धाकटा भाऊ वीडन. वीडन चित्रकारही होता आणि नटही. ऑक्टोबरमध्ये सव्हॉय थिएटरात 'द योमन ऑफ द गार्ड' लागले, त्यात जॉर्ज झाला जॅक पॉइंट. हा भाड्याने मिळणारा विदूषक. पोटासाठी हसवतो, आणि ज्या मुलीबरोबर गावोगाव फिरतो तिलाच गमावतो. शेवटी सगळीकडे लग्नाचा जल्लोष चाललेला असताना तो मध्येच कोसळतो. बेशुद्ध होऊन पडतो, एवढेच गिल्बर्टने लिहिले आहे. तो मेला की नुसता पडला, याचा वाद अजून मिटलेला नाही. म्हणजे त्या हिवाळ्यात हा माणूस रात्री लंडन टॉवरच्या देखाव्यापुढे हसवणाऱ्याचे दुःख गात होता, आणि दिवसा भावाबरोबर बसून एका कारकुनाची रोजनिशी लिहीत होता.

तो कारकून म्हणजे चार्ल्स पूटर. लंडनच्या होलोवे भागात भाड्याच्या घरात राहतो. बायको कॅरी समजूतदार. मित्र दोन, कमिंग्ज आणि गोइंग, आणि या नावांवरचा विनोद पूटरला इतका आवडतो की तो स्वतःच हसून लोळतो. त्याला एकदा लाल एनॅमल रंग मिळतो. मग तो फुलांच्या कुंड्या रंगवतो, कपाट रंगवतो, शेक्सपिअरच्या पुस्तकांचे पुठ्ठे रंगवतो आणि अंघोळीचा टबही रंगवतो. दोन दिवसांनी कढत पाण्यात बसल्यावर रंग सुटतो आणि याला वाटते आपली रक्तवाहिनीच फुटली. लॉर्ड मेयरच्या मेजवानीचे आमंत्रण येते तेव्हा घरात दिवाळी. तिथे जाऊन पाहतो तो याच्याशी सलगीने बोलायला पुढे येतो घराशेजारचा लोखंडी सामानवाला! वर्तमानपत्रात पाहुण्यांच्या यादीत याचे नाव येत नाही. पत्र पाठवतो, तर चुकीचे छापून येते. पुन्हा पत्र. पुन्हा चूक.

एकदा अपमान झाल्यावर तो मोठ्या रुबाबात खोलीबाहेर पडू जातो आणि पाय पायपुसण्यात अडकतो. इंग्रज वाचक शंभरावर वर्षे या ठिकाणी हसत आले आहेत. मीही हसतो. पण पूटर हा मूर्खाचा नमुना आहे, उपनगरी मध्यमवर्गाची खिल्ली म्हणून ते पुस्तक वाचायचे, असे जे पुष्कळ जण समजतात, ते मला मान्य नाही. खिल्ली उडवणारा लेखक पाय अडकला तिथे थांबतो. हे दोघे भाऊ थांबत नाहीत. पूटर उठतो, कपडे झटकतो, आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कचेरीत जातो.

त्याच्या पगारवाढीचा प्रसंग पाहा. मालक मिस्टर पर्कप यांच्याकडे एकवीस वर्षे इमानाने काम केल्यावर त्याला बढती मिळते आणि वर्षाला १०० पौंडांची वाढ होते. तो हरखून घरी येऊन मुलाला सांगतो. मुलगा ल्यूपिन, ओल्डहॅमच्या बँकेतून डच्चू मिळून घरी परतलेला. तो सांगतो की मी ५ पौंडांचे २०० केले. कुठे, तर शेअर्समध्ये! मित्रांनाही मोह होतो, तेही पैसे घालतात. मग एक दिवस ती कंपनी बुडते आणि टीप देणारा गृहस्थ पसार होतो. १९९२ च्या शेअर घोटाळ्याच्या वेळी बँकेच्या काउंटरमागे जे बसले होते, त्यांना ही पाने १८८८ ची वाटणार नाहीत. एका घरात बाप एकवीस वर्षांचा आणि मुलगा चार दिवसांचा हिशेब सांगतो आहे, आणि बापाला पटकन उत्तर सुचत नाही. त्या न सुचण्यात जी वेदना आहे ती हास्याच्या आड नीट ठेवलेली आहे, कुठे ओघळू दिलेली नाही. ज्याने रोज रात्री मोठ्या खुर्चीतल्या लहान माणसाची भीती अंगात आणली, त्यालाच लहान खुर्चीतल्या माणसाचा हा ताठा दिसू शकला, असे माझे मत आहे. अर्थात भावाचा वाटा किती आणि याचा किती हे कोण सांगणार? चित्रे मात्र वीडनची, आणि पूटरचा चेहरा त्यानेच दिला.

१८९२ मध्ये ही रोजनिशी पुस्तकरूपाने निघाली. गंमत म्हणजे आपले चिं. वि. जोशी जन्मले तेही १८९२ मध्येच. चिमणराव आणि पूटर यांची सोयरीक जोडायचा माझा इरादा नाही. पण दोघांना एका बाकावर बसवले तर गप्पा रंगतील आणि दोघेही आपापल्या बायकोचे शहाणपण लपवतील, एवढे खरे.

ग्रॉसमिथने १८८९ च्या ऑगस्टमध्ये सव्हॉय सोडले. भांडण वगैरे काही नाही. त्याला आपला पियानो पुन्हा खुणावत होता. कुणाच्या तालमी नाहीत, कुणाच्या तीन गिनी नाहीत. आपण आणि आपली खुर्ची. गिल्बर्टच्या तालमीत नटाने हात किती उचलायचा हेही ठरलेले असे, हे लक्षात घेतले तर या मोहाचा अर्थ कळतो. पुढच्या वर्षी बाल्मोरलला व्हिक्टोरिया राणीपुढे त्याचा कार्यक्रम झाला. त्याने इंग्लंडभर आणि अमेरिकेत दौरे केले. संगीतिकेपेक्षा यात पैसा पुष्कळ होता. १८९२ मध्ये गिल्बर्टच्या शब्दांना त्याने स्वतः संगीत दिले. ती 'हेस्ट टू द वेडिंग' २२ प्रयोगांत आटोपली. सलिव्हन होणे सोपे नव्हते. १८९४ मध्ये गिल्बर्टच्याच 'हिज एक्सलन्सी'त तो पुन्हा नट म्हणून उभा राहिला, पण जुना काळ परतला नाही. सहाशेच्या आसपास गाणी आणि पियानोचे तुकडे, शंभराच्या घरात एकपात्री प्रवेश, असे त्याने जन्मभर रचले. आपले खरे काम हेच, असे त्याला वाटत असावे. त्यांतले 'सी मी डान्स द पोल्का' तेवढे सोडले तर आज कोण काय गुणगुणते?

नटाचे असेच असते. भूमिका मागे राहतात, त्या करणारा जातो. सर जोसेफ, को-को, चान्सेलर हे त्याच्यानंतर लिटनचे झाले, मग मार्टिन ग्रीनचे, मग जॉन रीडचे. कार्टची मूळ कंपनी १९८२ मध्ये बंद पडली तरी हौशी मंडळी त्या भूमिका अजून करतात. १९९९ च्या 'टॉप्सी-टर्व्ही' या माइक लीच्या चित्रपटात मार्टिन सॅव्हेज याने ग्रॉसमिथचीच भूमिका केली. ज्याने दुसऱ्यांची सोंगे काढली त्याचेच सोंग शंभर वर्षांनी दुसऱ्याने काढले.

बायको १९०५ मध्ये गेली. दोन मुलगे नट झाले. शेवटची काही वर्षे तो फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी राहिला. १९१० मध्ये आठवणींचे दुसरे पुस्तक आले, 'पियानो अँड आय'. नावातसुद्धा पियानोला आधी बसवले आहे. १ मार्च १९१२ ला तो वारला.

इंग्रजी शब्दकोशात 'पूटरिश' असा शब्द आहे. स्वतःला जरा जास्तच गंभीरपणे घेणारा, असा अर्थ तिथे दिलेला असतो. रोजनिशीच्या अखेरीस मालक पर्कप काय करतात, हे तो शब्द वापरणाऱ्यांना बहुधा आठवत नाही. पूटरने कंपनीला एक मोठे अमेरिकन गिऱ्हाईक मिळवून दिलेले असते. पर्कप त्याला बोलावून सांगतात की ज्या भाड्याच्या घरात तुम्ही राहता, ते आम्ही विकत घेऊन तुमच्या नावावर करून देत आहोत.